पेला भरणारा हात
(एका जुन्या अमेरिकन पुस्तकाच्या निमित्ताने)

गेल्या वैशाखात फोंड्याजवळच्या एका गावी आप्तांच्या घरचे लग्न होते. सकाळी देवळात मंगलाष्टके झाली, अग्रशाळेत पंगती उठल्या आणि सायंकाळी घराच्या अंगणात स्वागतसमारंभ मांडला गेला. दिवेलागणीच्या सुमारास एक छोटा टेंपो फाटकाशी येऊन थांबला. त्यातून दोन तरुण आणि एक तरुणी उतरली. त्यांनी घडीचे टेबल उलगडले, त्याला लाकडी दर्शनी फळी जोडली, बर्फाच्या पेट्या खाली सरकवल्या, पेले ओळीने मांडले, लिंबे चिरली, आणि अर्ध्या तासाच्या आत माटवाच्या बाहेरच्या अंगाला मद्याचे एक साग्रसंगीत दुकान उभे राहिले. रात्री अकराच्या ठोक्याला ते तितक्याच झटपट मिटले आणि टेंपोत बसून निघून गेले. माझ्या शेजारी बसलेले एक वृद्ध महाजन हा सारा व्यवहार मोठ्या कुतूहलाने पाहत होते. ते हसून एवढेच म्हणाले, "सोरोय आतां गाडयेर बसून येता!"

या व्यवसायाला फिरता बार म्हणतात आणि पेले भरणाऱ्यास बारटेंडर. गोव्यात, मुंबईत, पुण्यात, हैदराबादेत तो आता चांगला रुजला आहे. वाढदिवस, साखरपुडा, नव्या घराचा प्रवेश, परदेशातून आलेल्या मुलाचे स्वागत, अशा खाजगी प्रसंगी यजमान आपल्या घरी त्यांना बोलावतात. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी मद्य चालत नाही, कित्येकांच्या घरी चालते आणि त्याविषयी बोलणे चालत नाही. दोन्ही प्रकारच्या वाचकांना असा प्रश्न पडेल, की साहित्य, संगीत आणि देवस्थानांचे उत्सव यांची चर्चा करणाऱ्या या पानांवर असल्या धंद्याला जागा ती कशासाठी? माझे उत्तर असे की, ज्या गोष्टीचे शास्त्र आहे, ज्यावर ग्रंथ लिहिला गेला आहे आणि जी आपल्या अंगणापर्यंत येऊन पोचली आहे, तिची परीक्षा करणे टाळता येत नाही. परीक्षा न करता आलेली गोष्टही शेवटी राहतेच. फक्त ती बऱ्या रूपात राहते की वाईट, हे मग आपल्या हाती उरत नाही.

त्या रात्री घरी परतल्यावर मला ज्या ग्रंथाची आठवण झाली, तो 1862 साली न्यूयॉर्क शहरी प्रसिद्ध झाला. 'हाऊ टु मिक्स ड्रिंक्स, ऑर द बॉन व्हिवाँट्स कंपॅनियन' हे त्याचे लांबलचक नाव. मद्यमिश्रणाची रीत आणि रसिक भोक्त्याचा सोबती, असा त्याचा अर्थ करता येईल. त्याचा कर्ता जेरी टॉमस. अमेरिकेत पेले भरणाऱ्याच्या विद्येवर छापला गेलेला हा पहिला ग्रंथ समजला जातो. त्यापूर्वी ही विद्या गुरुमुखातून, म्हणजे गल्ल्यामागे उभे राहूनच, शिकावी लागे.

टॉमसचे चरित्र फिरत्या बारच्या मूळपुरुषाला शोभेल असेच आहे. 1849 च्या सुमारास सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला लोटलेल्या गर्दीत तो होता. पुढे सॅन फ्रान्सिस्को, सेंट लुई, शिकागो, न्यू ऑर्लिअन्स, न्यूयॉर्क अशा अनेक शहरांत त्याने पेले भरले. तो युरोपातही गेला, आणि जाताना आपली चांदीची उपकरणे बरोबर घेऊन गेला. जेथे जाईल तेथे आपली हत्यारे, आपली पद्धत आणि आपले नाव बरोबर नेणारा हा कारागीर होता. एका पेल्यातून दुसऱ्यात पेटत्या व्हिस्कीची निळी धार उंचावरून सोडण्याचा त्याचा प्रयोग गाजला होता. शेअरबाजाराच्या नादात मिळवलेले द्रव्य गमावून 1885 च्या डिसेंबरात तो न्यूयॉर्कला वारला. याच 1885 सालच्या मे महिन्यात आपल्याकडे राम गणेश गडकऱ्यांचा जन्म झाला. हा निव्वळ योगायोग आहे, परंतु पुढे या लेखात त्या दोघांची गाठ घालावयाची असल्याने त्याची नोंद करून ठेवतो.

आता ग्रंथाकडे वळू. वाङ्मयीन दृष्टीने पाहिले तर त्यात वाङ्मय असे फारसे नाही. सव्वादोनशेहून अधिक कृती क्रमांक घालून एकाखाली एक मांडल्या आहेत. परंतु चांगल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात जो गुण असतो तो येथे पुरेपूर आहे, तो म्हणजे मापाविषयीचा आदर. साखर चमचाभर, पाणी इतके, मद्य एक वाइन-ग्लास, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे 60 मिलिलिटर. 'थोडेसे' आणि 'अंदाजाने' हे शब्द या कारागिराला फारसे मानवत नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की मोठ्या मंडळींसाठी दिलेल्या कृतींत तो आधी माणसे मोजतो आणि नंतर बाटल्या. 'लाइट गार्ड पंच' या कृतीच्या माथ्यावरच ती वीस जणांच्या मंडळीसाठी असल्याचे लिहिले आहे. तीत शँपेनच्या 3 बाटल्या, शेरी, कोन्याक आणि सोतेर्न यांची प्रत्येकी 1 बाटली, एक अननस आणि 4 लिंबे. आजचा फिरत्या बारचा चालक यजमानाला पहिला प्रश्न 'पाहुणे किती?' असाच विचारतो. या प्रश्नाची परंपरा टॉमसच्या पानांपर्यंत मागे नेता येते.

या पंच नावाच्या पेयाशी आपले नाते फार जुने आहे. मद्य, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला हे त्याचे पाच घटक. इंग्रजी लिखाणात हा शब्द 1632 पासून आढळतो. इंग्रज प्रवासी वैद्य जॉन फ्रायर आपल्या 1698 साली छापलेल्या प्रवासवृत्तांतात त्याचे मूळ हिंदुस्थानी 'पाच' या शब्दात असल्याचे सांगतो. सर्वच कोशकारांना ही व्युत्पत्ती मान्य नाही, पण तिला पुसून टाकणारी दुसरी सर्वमान्य व्युत्पत्तीही पुढे आलेली नाही. माडाच्या सुरेपासून गाळलेला गोव्याचा अरक त्या काळी इंग्लंडात नावाजलेला होता आणि तो पंचात घालीत. टॉमसच्या ग्रंथातही अरकाच्या पंचाची कृती आहे. म्हणजे आपल्या किनाऱ्यावरून गेलेली वस्तू लंडन आणि न्यूयॉर्क करून, घडीच्या टेबलावर बसून, आता परत आपल्या अंगणात आली आहे. परवाच्या समारंभातील त्या तरुणीने फेणीत कोकम, लिंबू आणि चिमूटभर मीठ मिसळून जो पेला सिद्ध केला, त्यात परके असे फार थोडे होते. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यानंतर तिच्याकडे पाहण्याची सुशिक्षितांची दृष्टीही पालटत चालली आहे.

येथवर ग्रंथाची स्तुती झाली. आता त्यातील उणीव. मद्याच्या पेल्याविषयी विचार करणाऱ्या मराठी माणसासमोर एक नाटक उभे राहिल्यावाचून राहत नाही. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर 1919 साली बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणला. सिंधूचे हाल आणि सुधाकराचा ऱ्हास यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु ज्या हाताने तो पेला भरला, त्या तळीरामाचा विचार बहुधा विनोदी पात्र म्हणून होतो. माझ्या मते नाटकाची सारी भीषणता त्या हातात आहे. तळीराम शत्रू नाही. तो आपला माणूस आहे. सनद गेल्याने खचलेल्या सुधाकराचे दुःख त्याला दिसते आणि त्यावर आपल्याजवळचा उतारा तो आपुलकीने पुढे करतो. तो पेला विकत नाही, देतो. आणि देताना आग्रह करतो.

आग्रह हा शब्द आपल्या संस्कृतीत किती गोड आहे! पंगतीत जिलबीचा आग्रह झाला नाही तर पाहुणा उपाशी उठला असे आपण समजतो. नको म्हणणाऱ्याच्या पानावर आडवा हात येण्याच्या आत वाढणारा वाढपी तो खरा वाढपी, अशी आपली समजूत आहे. जिलबीच्या बाबतीत ही रीत निरुपद्रवी आहे. फार झाले तर पाहुण्याचे पोट बिघडेल. पण तोच आग्रह पेल्याच्या बाबतीत केला की यजमानाचा तळीराम होतो. 'माझ्या घरी आलास आणि एवढेसुद्धा घेणार नाहीस?' हे वाक्य प्रेमाचे आहे, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण. मद्य वाढण्याच्या कामी आपला प्रेमळ यजमान हा सर्वांत नालायक माणूस ठरतो, याचे कारण त्याचे दुष्टपण नसून त्याचे अगत्य आहे. अगत्याला मोजता येत नाही, आणि मोजणे त्याला अपमानास्पद वाटते.

हा दोष केवळ आपलाच आहे असेही नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे 1984 साली एक खटला निकालात निघाला. एका गृहस्थाने घरी आलेल्या स्नेह्याला स्कॉच पाजली. स्नेही आपली मोटार घेऊन निघाला आणि वाटेत समोरून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीवर आदळून एका स्त्रीला त्याने जबर जखमी केले. यजमानाचे म्हणणे, दोन-तीन पेले झाले असतील. रक्ताच्या तपासणीवरून तज्ज्ञाने काढलेला हिशेब, सुमारे 13 पेल्यांचा. यजमान खोटे बोलत होता असे मानण्याचे कारण नाही. घरच्या बैठकीत पेला रिकामा होण्याआधीच पुन्हा भरला जातो, त्यामुळे तो एकच राहतो! 'एकच प्याला' या नावातील भयंकर उपरोध न्यायालयाच्या कागदांतही असा उमटलेला पाहून मन थक्क होते. मोटार चालवून जाणार हे ठाऊक असता उघड धुंद झालेल्या पाहुण्याला पाजणारा यजमान त्या अपघातास जबाबदार ठरतो, असा निर्णय न्यायालयाने दिला.

येथे फिरत्या बारचे खरे प्रयोजन लक्षात येते. मद्यगृहातला पेला विकला जातो. जितके पेले जास्त, तितकी मालकाची कमाई जास्त. घरच्या बैठकीतला पेला दिला जातो; तेथे कमाई नाही, पण आग्रह आहे. खाजगी समारंभाला बोलावलेला बारटेंडर या दोहोंच्या मध्ये उभा असतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत आणि आपल्याकडेही या धंद्याची प्रतिष्ठित रीत अशी, की मद्य यजमानाने परवानाधारक दुकानातून स्वतः विकत आणावे आणि बारटेंडरने आपल्या श्रमाचा, उपकरणांचा आणि वेळेचा मोबदला ठरवून घ्यावा. अशा माणसाला पाहुण्याने आणखी एक पेला घेतल्याने एक पैसा जास्त मिळत नाही, आणि पाहुण्याने नको म्हटल्याने त्याचा मानभंगही होत नाही. त्याच्याजवळ लोभ नाही आणि आग्रहही नाही. म्हणून मोजण्याची मोकळीक त्या समारंभात केवळ त्यालाच आहे. तळीरामावर उतारा कोणता, या प्रश्नाला गडकऱ्यांच्या काळी मद्यपाननिषेध हे एकच उत्तर होते. ज्या घराने ते उत्तर स्वीकारले आहे त्याला माझे नमन आहे. परंतु ज्या घराने स्वीकारलेले नाही, तेथे तटस्थ आणि मोजणारा हात हे दुसरे उत्तर आहे.

टॉमसच्या ग्रंथातील मोठी उणीव नेमकी या ठिकाणी आहे. पेला कसा भरावा हे त्याने शेकडो प्रकारे शिकवले. पेला केव्हा भरू नये याचा पाठ मात्र त्याने दिला नाही. आणि आजच्या फिरत्या बारवाल्यांनी त्याच्या ग्रंथातून घेतले काय, तर पेटत्या मद्याची निळी धार! बाटल्या हवेत फेकणे, त्या पाठीमागून झेलणे, पेल्यातून धूर काढणे, यालाच आता कौशल्य समजले जाते. आपल्या प्रयोगाबद्दलही टॉमसने नवशिक्यास बजावले होते, की भाजून न घेण्याची खबरदारी घ्यावी आणि आधी गार पाण्यावर हात बसवावा. ही खबरदारी विसरली गेली आणि ज्वाळा तेवढी राहिली. नाट्यकलेत अभिनय सोडून केवळ पडदे आणि दिवे यांवर भिस्त ठेवणाऱ्या मंडळीविषयी आपण जे म्हणतो, तेच येथेही म्हणावे लागते.

वैशाखातील त्या समारंभात तिघांचे हात सफाईदार होते, मिश्रणे रुचकर होती, कपडे स्वच्छ होते. तरीही तीन गोष्टी मनाला खटकल्या. पहिली, टेबलावर बक्षिसीची काचेची बरणी ठेवली होती. प्रत्येक पेल्यामागे नोट पडू लागली की ठरलेल्या मोबदल्याचे तटस्थपण संपते आणि हात सैल होतो. तो सैल झालेला मी पाहिला. दुसरी, माप घेण्याचे धातूचे भांडे टेबलावर असूनही पहिल्या तासानंतर ते वापरले गेले नाही. तिसरी आणि सर्वांत खेदाची, मद्य न घेणाऱ्यांसाठी केलेले कोकम सरबत कोपऱ्यातल्या एका पिंपात होते आणि ते कागदी पेल्यातून स्वतःच्या हाताने घ्यावयाचे होते. मद्य घेणाऱ्याला काचेचा पेला, पुदिन्याचे पान आणि हसतमुख सेवा. न घेणाऱ्याला कागद! आपल्या पूर्वजांनी पंक्तिप्रपंच हे पाप मानले. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडे वाढणाऱ्याची निर्भर्त्सना केली. तोच पंक्तिप्रपंच नव्या टेबलावर नव्या थाटात मांडलेला दिसतो आणि कोणाला त्याची खंत वाटत नाही.

टॉमस याबाबतीत आपल्या आजच्या अनुयायांहून थोर होता. त्याने आपल्या कृतींच्या शेवटी मद्यविरहित पेयांसाठी स्वतंत्र विभाग ठेवला. त्यात लिंबाचे, संत्र्याचे, बदामाच्या अर्काचे, आल्याचे सरबत आहे. आणि एका लिंबू-सरबताच्या कृतीपुढे तर ते मंडळींच्या समारंभास उत्तम, असा शेरा आहे. पेटत्या व्हिस्कीच्या या किमयागाराला लिंबू-सरबताचेही माप लिहून ठेवावेसे वाटले. ग्रंथाचा खरा रसिकपणा मला या शेवटच्या पानांत दिसतो.

मग हा धंदा यशस्वी करणे म्हणजे काय? आजच्या जाहिरातींत यशाची खूण म्हणून समारंभांची संख्या सांगतात. मी वेगळ्या खुणा सांगेन, आणि त्या सर्व व्यवहारातल्या आहेत.

पहिली खूण मनुष्यबळाची. या धंद्यातला रूढ अंदाज असा, की साध्या पेयांसाठी पन्नास पाहुण्यांमागे एक बारटेंडर पुरतो. मिश्रणे करावयाची तर पस्तीस-चाळिसांमागे एक लागतो. पहिल्या तासात माणशी दोन पेले आणि नंतर ताशी एक, असा खर्चाचा आडाखा बांधतात. माणसे कमी पडली की रांग लागते. रांग लागली की पाहुणा एकदम दोन पेले उचलतो. आणि मापाचे भांडे बाजूला पडते. काटकसर म्हणून एक माणूस कमी नेणारा चालक अखेर यजमानाचे मद्य आणि आपले नाव दोन्ही सांडतो.

दुसरी खूण बर्फाची. माणशी अर्धा ते पाऊण किलो हा सामान्य हिशेब. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत उघड्या अंगणात तो किलोभर धरावा. बर्फ संपलेल्या टेबलावर पेये कडक होत जातात, कारण वितळणारा बर्फ हाही कृतीतला एक घटक असतो.

तिसरी खूण मापाची. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 30 मिलिलिटरची 25 मापे होतात, 60 ची साडेबारा. आपल्याकडील सामान्य मद्य 42.8 टक्के तीव्रतेचे असते. त्याच्या 60 मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते आणि ते जिरवण्यास निरोगी शरीराला सामान्यतः दोन तास किंवा त्याहून अधिक काळ लागतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असता वाहन चालवणे गुन्हा आहे. हे आकडे ज्याला पाठ आहेत आणि जो 30 च्या मापाने भरतो, तो पाहुण्याला उपदेशाचा एक शब्दही न बोलता त्याचे रक्षण करतो.

चौथी खूण कागदाची. किती तास, किती माणसे, फुटलेल्या पेल्यांचा भार कोणावर, पेये कोणत्या वेळी बंद होतील, हे आधी लिहून घ्यावे. पेये समारंभाच्या शेवटी न थांबवता त्याआधी अर्धा-पाऊण तास थांबवावीत आणि तेवढ्या वेळात जेवण व पाणी पुढे करावे. प्रसंगापुरता लागणारा अबकारी परवाना यजमानाने घेतला आहे की नाही, हे चालकाने स्वतः डोळ्यांनी पाहावे. कायदा राज्यागणिक बदलतो. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची अट 25 वर्षांची आहे. आमच्या बडोद्याच्या वाचकांच्या राज्यात तर मद्यबंदीच असल्याने तेथे असे टेबल अंगणात मांडण्याचा प्रश्न उद्भवत नाही. समारंभ संपल्यावर रिकाम्या, अर्ध्या आणि न उघडलेल्या बाटल्या मोजून यजमानाच्या हवाली कराव्यात. ही शेवटची मोजणी जो चुकवत नाही, त्याला पुढचे आमंत्रण मागावे लागत नाही.

पाचवी खूण सर्वांत अवघड, ती नाही म्हणण्याची. धुंद झालेल्या पाहुण्याला चारचौघांत न दुखवता, पेल्याऐवजी पाणी पुढे करून, त्याच्या घरच्या माणसाला हळूच सूचना देऊन थांबवणे, ही या विद्येतली परमावधी होय. त्यासाठी यजमानाने आरंभीच 'तुमचा शब्द अखेरचा' असे सांगून ठेवले पाहिजे. बाटल्या झेलणारे हात पुष्कळ मिळतील. पेला खाली ठेवणारा हात दुर्मिळ आहे, आणि मोबदला द्यावयाचा तो त्याच्यासाठी.

कोणी म्हणेल, की इतका नेमस्तपणा पाळायचा तर मग मद्यच का ठेवावे? ज्याला असे वाटते त्याने ठेवू नये, आणि त्याच्या घरचा समारंभ रतिभरही उणा होणार नाही. परंतु ज्या घरी ते ठेवले जाणारच आहे, तेथे लाजेने डोळे मिटून घेण्याने काय साधते? परसातल्या काळोखात, मोजमापाविना, आतेभावाने चुलतभावाला पाजलेला पेला आपण पूर्वी पाहिलेलाच आहे. त्या काळोखातून टेबल उजेडात आले, ही मी सुधारणाच समजतो. उजेडात आलेल्या वस्तूला नियम लावता येतात, तिची समीक्षा करता येते.

लग्नाच्या त्याच दिवशी सकाळी देवळात तीर्थ घेताना पुजाऱ्यांच्या हातातील पळीकडे मी पाहिले होते. तळहाताच्या द्रोणात एक पळी, पुढचा भाविक, पुन्हा एक पळी. महाजन असो, शेतमजूर असो, लहान मूल असो, पळी तीच. कोणी दुसऱ्यांदा हात पुढे केला तर पुजारी रागावत नाहीत, आणि आग्रहही करीत नाहीत. तीर्थाची आणि मद्याची तुलना करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. मी फक्त पळीविषयी बोलतो आहे. देणारा हात कसा असावा, हे आपल्या समाजाला नव्याने शिकण्याची गरज नाही. रोज सकाळी आपण ते पाहतो. सायंकाळी अंगणात उभ्या राहणाऱ्या त्या तीन तरुण कारागिरांनी टॉमसच्या ग्रंथातून माप घ्यावे, त्याच्या शेवटच्या पानांवरचे सरबत काचेच्या पेल्यातून सर्वांना द्यावे, आणि जे त्याच्या ग्रंथात नाही ते थांबणे आपल्याच गावच्या रीतीतून उचलावे. असे झाले तर तो टेंपो फाटकाशी आलेला पाहून आमच्या वृद्ध महाजनांनाही संकोच वाटण्याचे कारण उरणार नाही.